चार टिपा

आमचे मास्तर चिडले की तोंड गप्प बसतं आणि मशीन बोलायला लागतं. गेला आठवडाभर ते मशीन नुसतं खडखडतंय. शेजारच्या चष्मेवाल्यानं भिंतीवर थापा मारल्या, तर मास्तरांनी पायडल आणखी जोरात हाणलं. राग लेकीवर, आणि सोसायचं कोणी, तर सुईनं!

आम्ही झेंडे शिवतो. म्हणजे मास्तर, माझे यजमान, शिवतात. कापायचं आणि तपासायचं काम माझं. शहरात पोहण्याच्या मोठ्या स्पर्धा आहेत, म्हणून देशोदेशीच्या झेंड्यांचं काम दुकानात येऊन पडलंय. झेंडा पहिल्यांदा फाटतो तो वाऱ्याच्या कडेला, म्हणजे जी कड खांबापासून लांब असते तिथं. त्या कडेला मास्तर दोन टिपा मारतात. आपल्या देशाच्या झेंड्याला मात्र चार. हा माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेला नियम, आणि मास्तरांनी तो कधी मोडलेला नाही. "परक्याचा फाटला तर कापड वाईट, आपला फाटला तर शिंपी नालायक," असं सासरे म्हणायचे.

आता आमची लेक, ठमी. खरं नाव वेगळं आहे, पण घरात ठमीच. तिकडं समुद्राकाठच्या एका देशात ती आगीच्या बंबावर कामाला आहे. आता तिला पथकाची प्रमुख करतायत, पण तिथलं नागरिकत्व घेतलं तरच. आणि ते घ्यायचं तर इथलं सोडायचं. येत्या शुक्रवारी शपथ. तिनं फोनवर हे सांगितलं आणि मास्तरांचा चेहरा असा उतरला, की विचारू नका.

"देश म्हणजे काय भाड्याची खोली आहे, बरी मिळाली की बदलली?"

"बाबा, मी काही टाकून देत नाहीये. आई लग्न होऊन तुमच्या घरी आली, तेव्हा तिचं माहेर तुटलं का?"

"ते वेगळं!"

"वेगळं कसं? पेटलेल्या घरात शिरताना मी कुणाचा पासपोर्ट बघते का? माणूस आत अडकलाय, एवढंच बघते."

मास्तरांनी फोन माझ्या हातात कोंबला. ठमी हळूच म्हणाली, "आई, बाबा मनापासून हो म्हणाले तरच मी शपथ घेईन. नाहीतर राहीन आहे तशी, बंब धूत." आणि राहीलही हो ती, बापाचाच हट्ट उतरलाय, वाया कसा जाईल? मला दोघांचाही राग आला. माझं मात्र इकडे आड, तिकडे विहीर.

बुधवारी मी शिवून झालेले झेंडे नेहमीसारखे मागच्या अंगणातल्या काठीवर चढवून बघत होते. ठमीच्या त्या देशाचा झेंडा म्हणजे वर निळा, खाली पांढरा आणि निळ्यात तारा. चढवला आणि बघते तर काय, पांढरा वर आणि तारा खाली लोंबतोय! झेंड्याच्या वरच्या टोकाला लाकडी गुटका लावतात आणि खालच्या टोकाला दोरी, म्हणजे चढवणारा चुकत नाही. मास्तरांनी गुटकाच खाली लावला होता. उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. झेंडा उतरवला आणि त्यांच्या पुढ्यात आदळला.

"लेकीवरचा राग असा काढता? अख्ख्या स्टेडियमसमोर तिचा देश उलटा टांगणार होता?"

मास्तरांनी बघितलं आणि पांढरेफटक पडले. "अगं, मुद्दाम? मी? आपल्याशी भांडण असलेल्या देशांचेसुद्धा सरळ शिवलेत मी. तुझी शपथ, हात चुकला."

"हात नाही, डोकं फिरलंय. आणि सारखं देश देश काय करता? जगभरच्या झेंड्यांच्या चिंध्यांची गोधडी करून या टेबलाखाली तिला कोणी निजवलं? एकेक तुकडा दाखवून देश कोणी शिकवले? तेव्हा नाही सुचलं, की पोरीला जग आपलं वाटायला लागेल म्हणून?"

मास्तरांनी चष्मा चढवला आणि झेंडा उसवायला घेतला. नुसता गुटका काढून वर लावला असता तरी भागलं असतं, पण त्यांनी कडाही उसवल्या. खरं सांगते, त्या वाकलेल्या मानेची मला दया आली. मी चहा ठेवला.

"तिच्याकडं वारा फार असतो, नाही?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"समुद्र आहे म्हटल्यावर असणारच."

मशीन सुरू झालं. आता खडखड नव्हती, सावकाश चाललं होतं. वाऱ्याच्या कडेला एक टीप झाली, दुसरी झाली. मी कप पुढे केला, तर तिसरी सुरू! जिभेवर आलेलं मी गिळलं. माझ्यासारखीनं! चौथी संपली आणि त्यांनी दोरा तोडला.

"मास्तर, चार झाल्या."

"झाल्या असतील."

"उसवू का दोन?"

"हात लावशील तर खबरदार!"

मग त्यांनी स्वतःच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "ठमे, तुमच्या बंबाच्या ठाण्यावर झेंडा असतो का?"

"असतो, बाबा." तिचा आवाज भेदरलेला.

"टिकतो?"

"कुठला! वाऱ्यानं कडेच्या चिंध्या होतात. सारखा बदलावा लागतो."

"आता बाजारातला आणू नका. इथून एक शिवून पाठवतो. शपथ घे, प्रमुख हो आणि तुझ्या हातानं चढव. चार टिपांचा असेल."

  तिकडून अगदी लहानपणीच्या ठमीचा आवाज आला, "चार, बाबा?"

"चार म्हटलं ना! कमी ऐकू येतं का तिथल्या नागरिकांना?"

ती रडत होती की हसत होती, देव जाणे. मी तर दोन्ही केलं, आणि तेवढ्यात चहा निवला.

फोन ठेवून मास्तरांनी गठ्ठ्यातला पुढचा झेंडा ओढला, कुठल्यातरी लांबच्या बेटाचा. एक टीप, दोन, तीन. मी बघतच राहिले.

"अहो, तिथं कोण आहे आपलं?"

"कुणाची तरी पोर असेल की."

"सगळ्या जगाला चार-चार टिपा मारत सुटलात, तर आपल्या झेंड्याचं काय राहिलं? मामंजी वरून बघतायत हं!"

मास्तरांनी मशीन थांबवलं. चष्मा काढून खराखुरा विचार केला.

"आपल्याला पाच," म्हणाले, आणि पायडल मारलं. मी दोऱ्याची नवी रिळं काढायला उठले.