आठव्या दिवसाची लस

क्लेव्हच्या सरकारी कचेरीवरची पाटी उतरवायला दोन माणसं शिडी लावून उभी होती. युलिश-क्लेव्ह-बेर्ग प्रांत. सात वर्षांपूर्वी फ्रेंचांची पाटी काढून तिथं ही ठोकली होती.

"खिळे अजून गंजलेसुद्धा नाहीत," वरचा म्हणाला.

"ठेव जपून. पुढच्या राज्याला लागतील."

आलायडा चार महिन्यांच्या एव्हर्टला शालीत गुंडाळून त्यांच्या खालून आत गेली. आठवडाभर तिला झोप नव्हती. शेतापलीकडच्या गावात देवीची साथ आली होती आणि एव्हर्टला अजून टोचलेलं नव्हतं.

तिचा नवरा वेसेल तिथला नकलनवीस. तो कागदांचे गठ्ठे गवतात बांधत होता. प्रांतच मोडला होता, सगळं ड्युसेलडॉर्फला चाललं होतं.

"अहो, नोटीस काढा ना. स्टीनाच्या गेरिटचा आज आठवा दिवस."

टोचलेल्या मुलाला आठव्या दिवशी परत आणायचं, त्याच्या दंडावरचा फोड उघडायचा आणि ती लस तिथल्या तिथं पुढच्या मुलाच्या दंडात घालायची, अशी रीत. फोड उघडला की मूल खंगतं, असं म्हणून आया त्या दिवशी पोरं लपवत. म्हणून शिक्क्याची नोटीस जायची, वेळ पडली तर शिपाईही.

"शिक्का पेटीत गेला, पेटी गाडीत गेली," वेसेल म्हणाला. "कुणाच्या नावानं काढू?"

"तुमच्या."

"माझ्या नावाला घरात तरी कोण विचारतं?"

ती हसली नाही. डॉक्टर टेरलिंडेन तिच्या घरी येऊन बसले होते. अंधार पडायच्या आत गेरिट हवा, उद्या फोड सुकेल, मग दुसरी लस कुठून आणू, असं त्यांनी बजावलं होतं. ती तशीच निघाली.

स्टीनाचा नवरा लाकडी पायताणं करायचा. दार आतून लावलेलं होतं. बऱ्याच वेळानं ते उघडलं.

"नोटीस आणलीत, कारकुनीणबाई?"

"नाही."

"मग शिपाई?"

"तोही नाही."

"अरेरे. म्हणजे राज्य खरंच गेलं." स्टीना दारातून हलली नाही. "दोन वर्षांमागं तुमच्या थोरल्या नेलेचा आठवा दिवस होता. सुताराची पोर टोचून घ्यायला दंड उघडा टाकून बसली होती. तुम्ही कुठं होतात?"

वेसेलनं तेव्हा कचेरीच्या वहीत नेले न आल्याचं कारण 'ताप' असं लिहिलं होतं. आजही आलायडाला तेच म्हणता आलं असतं. पण खोटं बोलायलाही अंगात जीव लागतो.

"माहेरी," ती म्हणाली. "नेलेला ताप नव्हता."

"ठाऊक आहे मला. सुताराच्या पोरीला देवी आल्या. वाचली, पण एक डोळा गेला."

आलायडा उंबऱ्याशी लाकडाच्या ढलप्यांवरच बसली. एव्हर्ट रडायला लागला, म्हणून त्याला अंगावर घेतलं.

"याच्या आठव्या दिवशी मी घरी असेन," ती म्हणाली. "कुणाला टोचायचं ते तूच सांग."

स्टीनानं दूध पिणाऱ्या पोराकडं पाहिलं.

"सुताराकडं दुसरं झालंय. मुलगा."

"आधी त्याला."

"आणि पळालात तर मी कुणाकडं जाऊ? कचेरी तर चालली गाडीतून."

स्टीना आत गेली, ती गेरिटला घेऊनच बाहेर आली.

आलायडाच्या घरी डॉक्टरांचं काम क्षणभराचं होतं. दोन्ही पोरं ओरडली. दाखला लिहिताना डॉक्टर अडले.

"प्रांताचं नाव काय घालू?"

कुणालाच सांगता येईना. त्यांनी ती ओळ कोरी सोडली.

आठव्या दिवसापर्यंत वेसेल ड्युसेलडॉर्फला गेला होता. त्या सकाळी एव्हर्टचा फोड टपोरा झाला होता, अंग जरा कोमट लागत होतं. आलायडानं तीनदा कपाळाला हात लावून पाहिला. माहेरकडं जाणारी बैलगाडी कोपऱ्यावर उभी होती. तिनं नेलेचे बूटही शोधून ठेवले होते.

दार वाजलं. सुताराची बायको तान्ह्याला घेऊन उभी होती. तिच्या घागऱ्याला धरून एका डोळ्याची मुलगी.

"आज आहात ना घरी?" तिनं हळूच विचारलं.

"आहे. या, बसा. डॉक्टर येतीलच," आलायडा म्हणाली, आणि एव्हर्टची बाही वर करू लागली.