पेइप्पो मेलेला नाही

फिनलंडमधल्या तांपेरेच्या वाचनालयातल्या वरच्या खोलीत, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी, हेलेवी कास्किनेनला सांगण्यात आलं की तिचा पेइप्पो मेला. सांगणारा होता सेवेरी. वय चौतीस, आणि सुओपुर्सुच्या पुढच्या आवृत्तीची सगळी सूत्रं त्याच्या हातात.

सुओपुर्सु म्हणजे खोलीतल्या या पंधरा-सोळा जणांनी हौसेने चालवलेलं लिनक्स, विंडोजसारखी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. फुकट मिळतं, कुणाच्याही जुन्या कॉम्प्युटरवर चढतं. ते चढवलं की गाणी लावायला जो प्रोग्रॅम आपसूक समोर येतो, तो गेली अकरा वर्षं पेइप्पो होता. हेलेवीने तो एकटीने लिहिला होता. कागदाच्या गिरणीत दिवसभर यंत्रं सांभाळायची आणि घरी येऊन लिहायला बसायची. आता त्याच्या जागी कायो नावाचा नवा प्रोग्रॅम आणायचा की नाही, यावर मतदान होतं.

सेवेरीने पडद्यावर यादी लावली. या मंडळींची एक रीत होती. प्रत्येक प्रोग्रॅमपुढे एक ठिपका. वर्षभरात त्यात काही बदल झाला असेल तर हिरवा, दोन वर्षांत झाला असेल तर पिवळा, नाहीतर काळा. काळा म्हणजे मेला, सांभाळणारं कुणी उरलं नाही, खुशाल काढून टाका. पेइप्पोपुढे काळा ठिपका होता. कायोपुढे हिरवागार, वर्षात चौदाशे बदल.

चौदाशे! हेलेवीला हसावं की रडावं कळेना. गिरणीत वर्षाला चौदाशे वेळा उघडावं लागणारं यंत्र भंगारात गेलं असतं, आणि जे मुकाट चालतंय त्यात उगाच पाना घालणाऱ्याला फोरमनने दाराबाहेर काढलं असतं. इथे मात्र त्याच पाना घालणाऱ्याचा सत्कार चालला होता.

कॉफीच्या वेळी सेवेरी तिला खिडकीपाशी घेऊन गेला. पोरगा वाईट नव्हता. प्रोग्रॅम कसा लिहायचा हे तो विशीत पेइप्पो वाचूनच शिकला होता, आणि ते तो विसरलाही नव्हता.

"अगं हेलेवी, कोडमधला एक स्वल्पविराम हलव," तो हळूच म्हणाला. "आवृत्तीचा आकडा तीन-दोनचा तीन-तीन कर आणि पाठवून दे. पाच मिनिटांचं काम. ठिपका हिरवा झाला की मीच कायोचा ठराव मागे घेतो."

तिने हातातला पुल्ला, कॉफीबरोबरचा गोड पाव, खाली ठेवला. पाच मिनिटं. तिचा लॅपटॉप पिशवीतच होता. नाही केलं तर अकरा वर्षांचं काम हजारो घरांतून निघून जाणार होतं, हे तिला लख्ख दिसत होतं.

"आणि काय बदललं म्हणून लिहू?"

"काहीही लिही. किरकोळ सुधारणा."

"कसली सुधारणा रे? लोक विश्वासाने ते चढवतात. काही बिघडलेलं होतं आणि मी नीट केलं, असं समजतात. मी खोटं लिहिणार नाही. तो मेलेला नाही, सेवेरी. तो पुरा झालाय."

पुरा झालेला प्रोग्रॅम! सेवेरीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाईंना ताप चढलाय. या लोकांनी अर्धवट राहिलेले प्रोग्रॅम ढिगाने पाहिले होते, सोडून दिलेलेही पाहिले होते. पुरा झालेला एकही पाहिला नव्हता, मग त्यासाठी ठिपका तरी कुठून असणार?

मतदानाआधी ती उभी राहिली. पेइप्पोबद्दल कुणाची एक तरी तक्रार आहे का, हात वर करा, म्हणाली. एकही हात वर झाला नाही. मग विचारलं, घरी कायोवर गाणी कोण ऐकतं? तेव्हाही नाही. खोलीतला तिच्याशिवाय प्रत्येक जण स्वतःसाठी काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून गाणी लावणारा होता. जे आपण कधी वापरणार नाही ते दुसऱ्यांच्या गळ्यात बांधताना लाज नाही का वाटत, असं तिने तोंडावर विचारलं. दोघे-तिघे बुटांकडे बघत राहिले. तरीही निकाल लागला कायोच्या बाजूने, नऊ विरुद्ध सहा. रीत ती रीत.

मतदान झालं की सगळे सौनाला, वाफेच्या अंघोळीला, जायचे आणि भांडण तिथेच सोडून यायचे. त्या दिवशी हेलेवी पहिल्यांदाच गेली नाही.

एप्रिलमध्ये नवी आवृत्ती निघाली. पेइप्पोची तक्रारपेटी तीन वर्षं रिकामी होती. त्या आठवड्यात तीत पहिलं पत्र पडलं. केमी गावचा एक ट्रकवाला विचारत होता, माझा पेइप्पो कुठे गेला? मग एका चर्चमधला ऑर्गनवादक. लांबलचक रचनेच्या दोन भागांमध्ये कायो थांबतो, श्वास तुटल्यासारखं होतं, म्हणाला. मग एक आजीबाई. गाणं लावण्याआधी हा नवा मला खातं उघडायला सांगतो, माझं खातं कशाला हवंय त्याला?

हेलेवीने कुणाला रडगाणं ऐकवलं नाही. तिने सुओपुर्सुचा अधिकृत तक्रारअर्ज घेतला आणि प्रत्येक पत्रासाठी एकेक भरून सेवेरीच्या पेटीत टाकला. दोष कोणता? पेइप्पो जागेवर नाही. दोष कधीपासून? नोव्हेंबरातल्या त्या शनिवारची तारीख. दोष कुणामुळे? नऊ मतांमुळे. नियमाप्रमाणे प्रत्येक अर्जाला उत्तर देणं सेवेरीला भाग होतं. असे एक्केचाळीस अर्ज झाले.

मे महिन्यात त्याचा फोन आला. आवाज पार बसला होता. पेइप्पो परत घेतोय, सगळ्यांनी मान्य केलंय, म्हणाला. फक्त तो आवृत्तीचा आकडा तेवढा—

"तीन-दोन," हेलेवी म्हणाली.

"अगं, काळा ठिपका असलेलं काही आपसूक बसवता येत नाही. नियमच आहे तो."

"मग नियमात बिघाड आहे. तो दुरुस्त करा. माझ्याकडे दुरुस्त करण्यासारखं काही नाही."

तो हसला, आणि तिला तो विशीतला पोरगा आठवला. बघतो म्हणाला.

जूनमध्ये यादी निघाली. गाणी लावायचा प्रोग्रॅम: पेइप्पो, तीन-दोन. वरपासून खालपर्यंत हिरव्या ठिपक्यांत तेवढा एकच काळा होता, आणि खाली सेवेरीने नवी ओळ घातली होती, काळा म्हणजे मेलेला किंवा पुरा झालेला. हेलेवीने ती दोनदा वाचली. मग तिने आणखी एक तक्रारअर्ज भरला: दोन्हींना एकच ठिपका कसा चालेल?