बिनसाखरेची नऊ वर्षं

खडखड, खडखड. शिलाई मशिनचा तो आवाज अजून माझ्या टाक्याटाक्यात आहे. मी मच्छरदाणी. आता थकले. सात ठिकाणी ठिगळं, दोऱ्या सैल. जमेल तसं सांगते.

शिंप्यानं मला शिवलं आणि शेजारच्या इस्त्रीवाल्याला लग्नात भेट दिली. त्याची एकच खोली. एका अंगाला इस्त्रीचं टेबल, दुसऱ्या अंगाला पलंग. त्यावर मी.

तो दिवसभर निखाऱ्यांच्या इस्त्रीपुढे उभा. संध्याकाळी घामानं निथळत, काळ्या सदऱ्यातच पलंगावर अंग टाकायचा. हात हमखास माझ्याबाहेर. डास त्याला फोडून काढायचे. बायको तिथंच भाजी निवडत बसलेली, तिला एकही नाही.

"अहो, तुमचं रक्तच गोड! मला कोण विचारतंय?" ती हसायची.

मग त्याला हिवताप आला. तीन आठवडे माझ्या आत कुडकुडत होता. उठला तो पहिल्याच चहाला म्हणाला, "साखर नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

मुळात अबोल माणूस. तिनं मनाला लावून घेतलं. आपल्या हातचा चहा यांच्या मनातून उतरला, असं तिला वाटलं. तेव्हापासून कप जरा आपटूनच ठेवायची. घोट घेताना त्याचं तोंड कसनुसं व्हायचं. ते मला दिसायचं, तिला नाही. तिनं तोवर पाठ फिरवलेली असायची.

अशी नऊ वर्षं गेली. मीही विरत गेले.

काल ती मला मांडीवर घेऊन ठिगळ लावत होती. दवाखान्यातली नर्सबाई घरोघरची पाण्याची पिंपं तपासत आली. टेबलाशी इस्त्री करणाऱ्या त्याचे चाव्यांनी भरलेले हात बघून म्हणाली, "काका, सगळे डास तुमच्याच वाट्याला?"

"रक्त गोड आहे ना. साखर सोडून नऊ वर्षं झाली, तरी गोडी जात नाही."

"अहो, साखरेचा काय संबंध! डास माणूस हुडकतात ते श्वासावरून, अंगाच्या उबेवरून, घामाच्या वासावरून. काहींच्या कातडीचा वासच त्यांना जास्त ओढतो. त्यात हा काळा सदरा! संध्याकाळी अंघोळ करा, फिकट कपडे घाला. आणि हिची सगळी भोकं बुजवा."

ही म्हणजे मी. माझं एवढंच मागणं होतं, ते तिनंच मागितलं.

नर्सबाई पुढच्या घरी गेली. बायकोचा हात टाक्यावर थांबला.

"म्हणजे साखर त्यासाठी सोडली होती?"

"तूच म्हणायचीस ना, रक्त गोड आहे."

मग ती सुई माझ्या जाळीत तशीच खोचून उठली, चुलीवर चहाचं आधण ठेवलं, आणि साखरेचा डबा काढला.