'कायल' की 'तोणी'

कोचीच्या त्या कंपनीत डेल्नाला जेमतेम वर्ष झालं होतं आणि तिथला जुना प्रोग्रामर प्रसेनन याचं तिच्याशी पहिल्या दिवसापासून वाकडं. मुनंबमच्या मच्छीमार सोसायटीला मासळीचे रोजचे भाव मोबाइलवर दाखवणारी वेबसाइट हवी होती. ती 'कायल'वर बांधायची की 'तोणी'वर? दोन्ही ओपन सोर्स फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधायचे तयार सांगाडे, कुणीही फुकट वापरावेत नि सुधारावेत असे. तुलना करायचं काम विभागप्रमुख सरांनी डेल्नाकडे दिलं. 'कायल'मध्ये खुद्द प्रसेननने तीन वर्षं कोड लिहिलेला.

"तुलना कसली करतेस? 'कायल' लिही नि मोकळी हो," तो म्हणाला.

"मग सरांनी मला कशाला सांगितलं, चेट्टा?" तिने विचारलं. वयाने मोठ्या सहकाऱ्याला तिथे चेट्टा, म्हणजे दादा, म्हणत.

"शोभेला."

दुसऱ्या दिवशी तिने दोन्हींत एकेक नमुना बांधला आणि तिसऱ्या दिवशी पहाटेची बस धरून मुनंबमचा धक्का गाठला. लिलाव चालू होता. कोळणींच्या नि खलाशांच्या तडे गेलेल्या फोनवर तिने दोन्ही नमुने उघडून पाहिले. 'तोणी' चार सेकंदांत उघडलं. 'कायल' एकवीस सेकंद नुसतं चाक फिरवत बसलं, आणि ओल्या बोटांना त्याची बारीक बटणं दाद देईनात.

बैठकीत तिचा अहवाल पडद्यावर आला तेव्हा एकवीसचे सहा झाले होते.

"हा आकडा माझा नाही," ती ताडकन म्हणाली.

"मी ऑफिसच्या वायफायवर परत मोजलं," प्रसेनन शांतपणे म्हणाला. "धक्क्यावरचे फोन म्हणजे भंगार."

सोसायटीचे सचिव अंब्रोस समोरच बसले होते. "पोरा, त्याच भंगारावर आम्ही भाव बघणार आहोत," ते म्हणाले.

'तोणी' ठरलं. संध्याकाळी प्रसेननने 'कायल'च्या इंटरनेटवरच्या खुल्या चर्चेत तिचं नाव घेऊन लिहिलं, 'हिला मोजता येत नाही.' तिने प्रत्येक फोनचं नाव नि सेकंद खाली मांडले. 'कायल'चाच कोड लिहिणाऱ्या दोघांनी तिची बाजू घेतली.

त्यानंतर प्रसेननने तिच्याशी बोलणं टाकलं. मात्र 'तोणी'वर ती बांधत असलेल्या वेबसाइटमधल्या चुकांची त्याची यादी दर सोमवारी यायची, सरांना प्रत जोडून. चुका सगळ्या खऱ्या, हेच तिला जास्त झोंबायचं. दातओठ खात ती त्या दुरुस्त करायची. पाचव्या यादीला तिने उत्तर धाडलं, 'दुसरा मुद्दा तुम्हाला कळलेलाच नाही.'

तो तरातरा तिच्या टेबलाशी आला. "दाखव!"

तासभर दोघांची हमरीतुमरी चालली. शेवटी मुद्दा त्याचाच बरोबर निघाला. तिने मुकाट्याने दुरुस्ती केली. आभार मानले नाहीत, आणि तोही त्यासाठी थांबला नाही.