सुतक फिटण्याआधी

दौलतरावांनी म्युनिसिपल कमिटीच्या सभागृहाच्या दारात जोडे काढले आणि फेटा सारखा करायला त्यांचा हात डोक्याकडे गेला. डोकं उघडं होतं. हात तसाच खाली आला.

आत मेंबर मंडळी जमत होती. मागच्या बाकांवर लोकांना बसू देत. गल्लीतले मास्तर दत्तोपंत तिथे जागा धरून बसले होते, पण दौलतराव भिंतीशी एकटेच उभे राहिले. सुतकातल्या माणसाने चारचौघांत यायचं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. बाकाच्या टोकाला बसलेले दोघे धोतर आवरून जरा सरकले, तेव्हा त्यांना वाईटही वाटलं नाही.

मागे एकदा ते इथे आले होते, तेव्हा थाट निराळा होता. जुन्या इंदुरातल्या त्यांच्या गल्लीत नालीवरचं ढक्कन फुटून खड्डा आ वासून पडला होता आणि वरचा दिवा कधीचा लागत नव्हता. अर्ज करकरून दत्तोपंत थकले, तेव्हा सगळ्यांनी दौलतरावांना पुढे केलं. अध्यक्ष जयसिंगरावांच्या वडिलांच्या हाताखाली त्यांनी रिसाल्यात नोकरी काढलेली; यांचा शब्द खाली पडायचा नाही, असं जो तो म्हणाला. दौलतराव जरीचा फेटा बांधून गेले. जयसिंगराव समोर आले मात्र, आणि लालबाग राजवाड्याच्या फाटकावर पहारे करण्यात गेलेली ती पाठ आपोआप वाकली. मुजरा केल्यावर विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. जयसिंगरावांनी हात धरून खुशाली विचारली. आपल्या कृपेने सगळं ठीक आहे, असं सांगून ते परत आले. राज्य जाऊन मध्य भारत झाला, पण दौलतरावांचा पहारा काही सुटला नाही, असं म्हणत गल्लीने पुष्कळ दिवस त्यांची चेष्टा केली.

बायकोने, द्वारकाबाईंनी, चेष्टा केली नाही. भाकरी वाढताना एवढंच विचारलं, "मग ढक्कनाचं?"

दौलतरावांनी ताटावरून मान वर केली नव्हती.

आणि गेल्या आठवड्यात दिवेलागणीला देवळातून परतताना द्वारकाबाई त्याच खड्ड्यात गेल्या. लोकांनी वर काढलं तेव्हा प्रसाद मुठीत तसाच होता, श्वास नव्हता.

अध्यक्ष आले तशी मंडळी उठली. जयसिंगरावांची नजर भिंतीकडे गेली आणि ते खुर्चीकडे न जाता सरळ दौलतरावांपाशी आले.

"दौलतरावजी, तुम्ही क्यों तकलीफ केली? मी घरी येणारच होतो."

दौलतरावांचा उजवा हात हलला. त्यांनी तो डाव्या हाताने घट्ट धरला. पाठ वाकू पाहत होती. ती ताठ ठेवताना त्यांच्या कपाळावर घाम आला.

"सुतक आहे, साहेब. मुजरा चालत नाही."

"अहो, त्याचं काय एवढं. बसा."

"बसत नाही. ढक्कन कधी लागणार, ते सांगा."

जयसिंगरावांनी सेक्रेटरीकडे पाहिलं, सेक्रेटरीने छताकडे. मग मंजुरी वरून यायची आहे, ओव्हरसियर रजेवर आहे, असं काहीबाही जयसिंगराव समजावू लागले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, ते खोटं नव्हतं. शेवटी पुढच्या मीटिंगला हाच विषय पहिला घेण्याचा त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला.

"पुढच्या मीटिंगला नाही जमायचं," दौलतराव म्हणाले.

"का बरं?"

"उद्या सुतक फिटतं. मग मुजरा आला, आणि मला तुमच्यासमोर बोलता येणार नाही, साहेब. आजच सांगा."

दौलतराव वाट पाहत उभे राहिले. घरी गेल्यावर ढक्कनाचं विचारायला आता कोणी नव्हतं. उजवा हात त्यांनी अजून डाव्या हातात तसाच धरून ठेवला होता.