मागून आलेली जाळी

मित्रांनो, मी एक जुना डंका आहे. वय विचाराल तर मला पाच वर्षेही झाली नाहीत. पण जे माझ्या हातून घडले, त्याने मी लवकर जुना झालो. डंका म्हणजे मिरची कुटायचे यंत्र. एक मोटर, तिच्यापासून मोठ्या चाकाकडे गेलेला रबरी पट्टा, आणि चाक फिरले की उखळात आपटणारी दोन लोखंडी मुसळे. एवढाच माझा देह.

ज्या कारागिराने मला घडवले, त्याने पट्ट्यात कुणी अडकू नये म्हणून त्यावर बसवायची एक जाळीही केली होती. मला टेम्पोत चढवले तेव्हा तिचा रंग ओला होता. "मागून पाठवतो," तो म्हणाला आणि टेम्पो निघाला.

मी कर्जत तालुक्यातल्या एका माळावरच्या वस्तीवर आलो. खेड्यातल्या तरुणांना धंदा शिकवून, यंत्र देऊन उभे करणारी एक संस्था होती. तिने दिपालीची निवड केली होती. दिपाली बावीस वर्षांची. तिचे आईवडील, रंगुबाई आणि बिभीषण, दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. दिपालीलाही सोबत जावे लागे आणि शाळा दरसाल मध्येच तुटायची, तरी ती बारावी झाली. धंदा का करायचा आहे, असे निवडीच्या वेळी विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "आईला परत फडात जाऊ द्यायचं न्हाई."

संस्थेचा करण नावाचा तरुण मला बसवून द्यायला आला होता. स्वभावाने चांगला, पण बावीस गावे त्याच्या एकट्याच्या अंगावर. दिपालीने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "सर, पट्ट्याला जाळी न्हाई का? ट्रेनिंगमधी दाखवली हुती."

"मागून येतेय, ताई. शुक्रवारी पाहुणे येणार आहेत. तोवर चालू तर करा."

शुक्रवारी मला लाल फीत बांधली. फोटो निघाले. करणने आपल्या कागदावर 'यंत्र सुरू' याच्यापुढे खूण केली. त्या कागदावर जाळीसाठी रकाना नव्हता.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते. आसपासच्या वस्त्यांवरच्या बाया मिरच्यांची गाठोडी घेऊन यायच्या. रंगुबाई धने, खोबरे भाजून द्यायची. सगळ्या शिंकायच्या, डोळे पुसायच्या आणि हसायच्या. "डंका लई गुणाचा हाय," रंगुबाई मला हात लावून म्हणायची.

दसरा झाला. तोडणीला निघालेल्या माणसांचा ट्रॅक्टर वस्तीवर आला. या वेळी रंगुबाई दारातच उभी राहिली. "पयल्यांदाच दुसऱ्याला वाटंला लावतीय मी," ती म्हणाली आणि ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत आत आली नाही. बिभीषणही थांबला, त्याने शेळ्या पाळल्या.

जाळी आली नव्हती. दिपालीने करणला तीनदा फोन केला. "ऑफिसला कळवलंय," तो म्हणायचा. तिने पट्ट्यापुढे पत्र्याचा तुकडा उभा केला. माझ्या थरथरीने तो पडायचा, ती परत उभा करायची.

एके दुपारी दिपाली मसाल्याच्या पुड्या द्यायला कर्जतला गेली होती. शेजारच्या वस्तीवरची सुरेखा लग्नाच्या मसाल्याची मिरची घेऊन आली. रंगुबाईने मला सुरू केले. थोड्या मिरच्या खाली सांडल्या, त्या गोळा करायला ती वाकली. पत्रा आधीच पडलेला होता.

पट्ट्याला पदर आणि वारा यांतला फरक कळत नाही. मला कळला. पण मला थांबता आले नाही. बटन पलीकडच्या भिंतीवर होते, मधे मी. सुरेखा तिथवर पोचू शकली नाही. ती ओरडत बाहेर धावली. बिभीषणने येऊन फ्यूज काढला, तेव्हा सगळे शांत झाले होते. रंगुबाईसुद्धा.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जाळी आली. कुरिअरवाल्याने दिपालीची सही घेतली. ती जाळी मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून होती.

मग माझ्या पत्र्याच्या खोलीला कुलूप लागले. वस्तीवरची पोरे पत्र्याला कान लावायची आणि म्हणायची, "आत मुसळं आपसूक हालत्यात." ती हलत नव्हती. पण मलाही ती हलल्यासारखी वाटायची. माझ्या आसाला तिच्या पदराचा एक हिरवा धागा गुंडाळून राहिला होता. पट्ट्यावर तो पदराचा हिसका मला बसल्याजागी पुन्हा पुन्हा जाणवायचा, आणि दर वेळी मी थांबायचा प्रयत्न करायचो. बंद असलेले यंत्र आणखी किती थांबणार? बिभीषण शेळ्या लांबून वळसा घालून न्यायचा.

वर्षाने करण आला. त्याने मान वर केली नाही. "ताई, काष्टीच्या ज्योती नावाच्या मुलीला हे मशीन द्यायचं ठरलंय." मग तो म्हणाला, "माझ्या फॉर्ममध्ये जाळीचा रकाना नव्हता."

"रकाना नव्हता. डोळं तर हुतं ना, सर?"

करणने हातातला फॉर्म मिटला.

"न्या मशीन," दिपाली म्हणाली. "पर मी संगं येनार. जाळी मी बसवनार, आन् त्या पोरीला समदं सांगनार."

"ती घाबरेल, ताई."

"घाबरू द्या. आमी घाबरून मशीन बंद ठेवलं असतं, तर आई आज असती."

काष्टीला मांडव घातला होता, पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. दिपालीने जाळीचे चारही बोल्ट स्वतः आवळले. वायरमनकडून बटन हाताशी बसवून घेतले. मग ज्योतीला माझ्याजवळ बसवून, काही न लपवता, तिने सगळे सांगितले.

ज्योतीने जाळीवरून हात फिरवला. "काय नाव हुतं त्यांचं?" तिने विचारले.

"रंगुबाई."

"मग आज नको चालू करायला," ज्योती म्हणाली.

करणने फीत खिशात घातली आणि पाहुण्यांना सांगितले, "आज उद्घाटन नाही." पाहुणे नाराज होऊन गेले. एकही फोटो निघाला नाही. त्या दुपारी ज्योतीची आई सगळ्यांना चहा देऊन गेली, आणि त्या दोघी मुली माझ्या सावलीत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी दिपालीनेच बटन दाबले.

आता मी काष्टीत मिरची कुटतो. बाया शिंकतात, हसतात. पण कुणी खाली वाकले की मी आतून गोठतो, जाळी असली तरी. ते माझ्यासोबतच राहणार.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाला धंद्यासाठी यंत्र द्याल. ते देऊन लगेच निघू नका. ते चालताना पाहा. त्याच्याजवळ उभे राहणारे माणूस काही मागत असेल, तर त्याचे मागणे पुरे होईपर्यंत तिथेच थांबा. मला थांबता येत नाही. तुम्हाला येते.