पडद्यावरचा जिना

मित्रांनो, मी खिडकीचा पडदा नव्हे बरं का! मी फोटो स्टुडिओतला, हाताने रंगवलेला जुना पडदा आहे. जाड मांजरपाटाचा, भिंतभर उंच. मालकांनी स्वतः शिडीवर चढून माझ्यावर एक ऐटदार जिना रंगवला. वळणदार कठडा आणि खाली फुलांची कुंडी. रंग वाळेपर्यंत त्यांनी घरच्यांना खोलीत पाऊल टाकू दिलं नाही.

काय थाट होता माझा तेव्हा! नवरा-नवरी, तान्ही बाळं, निवृत्त होणारे साहेब, सगळे माझ्यापुढे श्वास रोखून उभे राहत. एकदा एक ऑर्केस्ट्रा आला. त्यातला अ‍ॅकॉर्डियनवाला भारी गमत्या. जिन्यावर बसल्यासारखं दिसावं म्हणून मालकांनी त्याला स्टुलावर बसवलं, तर म्हणतो कसा, "घ्या, वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू आला!" मालकांना हसू आवरेना.

काम झालं की मालक मला बांबूवर गुंडाळून ठेवत. "याची घडी घालायची नाही हं, रंग तडकतो," असं मुलाला बजावत. मालक गेले. मुलाने नवे दिवे आणले, कागदी पडदे आणले. जागा पुरेना, म्हणून बांबू काढून टाकला आणि चादरीसारखी माझी घडी घालून मला माळ्यावर ठेवलं. वर एक जड पेटी. "लागेल तेव्हा काढू," म्हणाला. वर्षानुवर्षं मी लागलोच नाही.

मग एक दिवस त्या अ‍ॅकॉर्डियनवाल्याची मुलगी आली. ती आता स्वतःच्या बँडमध्ये गाते.

"दादा, आम्हाला अगदी जुन्या पद्धतीचा फोटो हवाय. बाबांच्या ऑर्केस्ट्राचा फोटो इथलाच ना? तसाच जिना, तसंच स्टूल. बाबांना मधे बसवायचं." मग तिचा आवाज बारीक झाला. "ते आता मलाही ओळखत नाहीत हो. पण तो फोटो दाखवला की जिन्यावर बोट ठेवून हसतात. इथे आणलं तर कदाचित..."

"पडदा आहे की! काळजीच सोडा," मालकांचा मुलगा म्हणाला.

रुंद कॉलरचे शर्ट ठरले, दिवे ठरले, कोण कुठे उभं राहणार तेही ठरलं. मला उघडून पाहायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. माझा रंग घड्यांतून सुटत चाललाय, हे मी सांगणार कसं?

फोटोच्या दिवशी मालकांच्या मुलाने मला खाली काढून झटकलं. अरेरे! रंगाचे पोपडे धडाधड गळाले. पायऱ्या गेल्या, कठडा गेला. उरली ती नुसती कुंडी.

त्याचं तोंड एवढंसं झालं. "ताई, जिना मी नंतर कॉम्प्युटरवर घालतो."

"फोटोत घालाल हो. बाबांना आत्ता काय दाखवू?"

तेवढ्यात तिच्या बँडमधल्या ड्रमवाल्याने बाबांना हात धरून आत आणलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग जवळ आले आणि कठड्याची जागा चाचपू लागले.

"इथे जिना होता."

"होता बाबा, इथेच होता!" ती हरखून म्हणाली.

त्यांनी हात मागे घेतला. "छे, ही ती जागा नव्हे. मला घरी सोडाल का हो, ताई?"

फोटो झाला, त्यांच्याशिवाय. मित्रांनो, जपून ठेवलंय म्हणून सांगता ना, ते आजच उघडून बघा. वारा लागू द्या, नीट गुंडाळा. मला अजून वाटतं, एक पायरी जरी उरली असती, तर ते बसले असते.